उभयान्वयी

बर्फाच्या कारखान्याच्या हिशेबाच्या खोलीत
संध्याकाळी सहाला इनास मास्तर खडू मोडतात,
अर्धा हातात, अर्धा उद्यासाठी खिशात.
आम्ही सातजणी, सगळ्या देवबागच्या.
आता पाहुणे येतात, खोल्या भाड्याने द्यायच्या,
विचारता आलं पाहिजे:
बांगडा तिखल्यात, की तळून?

पहिल्या दिवशी म्हणाले, नाऊन म्हणजे नाम.
सांगा, समोर दिसेल ते.
समोर कॅलेंडर होतं आणि पंखा.
आम्ही सांगितलं: पेडवे, मोरी, सौंदाळे, तिरफळ.
चंद्रभागा तांडेल म्हणाली, कर्ज.
मास्तर म्हणाले, नाम आहे, पण दिसत नाही ते.
ती म्हणाली, माका दिसता.

आपले वर, खाली, आत
नामाला मागून येऊन चिकटतात.
त्यांचे पुढे जाऊन उभे राहतात,
नाळीवरच्या खलाशासारखे: ऑन द बोट.
हे मला आवडलं.

होडीला इंग्रजीत 'शी' म्हणतात,
याचं कुणालाच नवल वाटलं नाही.
वाटलं ते 'वेन्ट'चं.
गेला, गेली, गेलं, गेल्या,
सगळ्यांना मिळून एकच वेन्ट.
कोण गेलं ते शब्दाच्या तोंडावर दिसतच नाही.
घरी भांडी घासताना म्हणून पाहिलं:
मामंजी वेन्ट.
मागोमाग सामाईक चूल वेन्ट.

आणि 'वी'.
मी विचारलं, वी म्हणजे आम्ही, की आपण?
दोन्ही, म्हणाले मास्तर.
म्हणजे समोरच्याला धरून, की वगळून?
मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.
त्यांच्यात तसं सांगत नाहीत, म्हणाले.

मागच्या बाकावर माझी जाऊ होती, हेमलता.
नऊ वर्षं. जमीन वाटली, माड मोजून वाटले,
विहिरीच्या मधोमध रेघ मारता येईना
म्हणून वार वाटले. सोम, बुध, शुक्र तिचे.
मंगळ, गुरू, शनी माझे.
रविवार कुणाचाच नाही.
कप्पी एक, दोर ज्याचा त्याने आणायचा.

ज्या दिवशी कन्जंक्शन आलं
मास्तरांनी आधी मराठीत लिहिलं: उभयान्वयी.
ते वेंगुर्ल्याचे, त्यांना वाटणी ठाऊक नव्हती.
एक वाक्य तुम्ही सांगा, मला म्हणाले.
मी सांगितलं: आय हॅव अ वेल.
आता मागून एक.
हेमलता गप्प. पंखा तेवढा बोलत होता.
मग म्हणाली: आय हॅव अ रोप.

विहीर तर तिचीही आहे.
विहीर म्हणाली असती तरी चाललं असतं.
माझा दोर शनिवारी तुटून कळशीसकट तळाला गेला,
सोमवारी तिला तो आत दिसला असणार.

मास्तरांनी दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली,
मध्ये चार बोटं जागा सोडली.
जोडा.
चंद्रभागा ओरडली, बट!
सगळ्या हसल्या, सगळ्यांना विहीर ठाऊक.
चालेल, म्हणाले मास्तर. ऑर? बिकॉज?
एकेक शब्द त्या जागेत ठेवून बघत होते,
पोरं शिंपल्याच्या दोन शकला जुळवून बघतात तसे.
'अँड' कोण म्हणालं मला आठवत नाही.
मी नव्हते.

रविवारी पहाटे कप्पी वाजली नाही.
मी बाहेर आले तर कठड्यावर नवा सुंभाचा दोर,
नीट गुंडाळून, फास आतल्या बाजूला.
तिच्या दारात केर काढल्याचा आवाज.
मी म्हटलं, अगो.
इतकंच.
केर काढल्याचा आवाज थांबला.

मास्तर सांगतात, केवलप्रयोगी अव्ययाचा
वाक्याशी काही संबंध नसतो.
नसेल.