पाण्याची पाळी

बातकेनच्या पुढे सरहद्द जर्दाळूच्या बागेतून जाते,
नेमक्या कुठल्या झाडापासून ते कुणी छातीठोक सांगत नाही.
तिथल्या शाळेत सात कॉम्प्युटर. पाच चालतात.
बिश्केकहून मी खेळ घेऊन गेले होते.

खेळात एक पाट, दोन गावं, एक लाकडी फळी.
फळी उचलली की पाणी इकडे, टाकली की तिकडे.
दोन्ही गावं एकमेकांना पाण्यात पाहतात,
आणि पाणी तेवढंच.
पलीकडच्या काठावर सोबिर-बोबो.
त्या म्हाताऱ्याची सगळी वाक्यं माझी. चारशे बारा.
मूल चिडलं तर तो हळू बोलतो,
मूल घाईत असेल तर चहा ओतायला घेतो,
सारखं जिंकत गेलं तर त्याची बाग वाळायला लागते.
खेळ मुलाला ओळखत जातो.
निदान पैसे देणाऱ्यांना आम्ही तसं सांगितलंय.

'माफ करा' दाबलं की गुण मिळतात,
हे बेगायिमला दहा मिनिटांत कळलं.
मग दाबत सुटली, माफ करा माफ करा माफ करा,
कोंबड्यांना दाणे फेकावेत तशी.
बोबो गप्प झाला.
पाठ फिरवून कुदळीची माती खरवडत बसला.
"हा अडकला," ती म्हणाली.
अडकला नाही गं, थांबलाय.
"कशासाठी?"
मी तिथे नुसती तीन टिंबं लिहिली होती.

तिने उरलेली बटणं चाचपली. सगळ्यात खाली एक होतं,
आजवर कुणीच न दाबलेलं, कारण त्याला गुण नाहीत:
तुमची पाळी कधी असते?
बोबो वळला. "रात्री दोनला. थंडीने बोटं वळतात.
बायको म्हणते, मोजे घाल. ओल्या पायात मोजे काय करणार?"
एका कंटाळवाण्या दुपारी जागा भरायला लिहिलेलं.
बेगायिम स्क्रीनकडे बघत राहिली.
"आमचीही रात्रीचीच. बाबा जातात.
ते पण मोजे काढून ठेवतात."

मला वाटलं, जमलं. वहीत तशी खूणही केली.
तेवढ्यात तिने विचारलं,
"आमचं छप्पर जळलं, ते कुठे दाबायचं?"

मागच्या बाकावरचं हसणं थांबलं.
बुरुल्चा बाई खिडकी लावायला उठल्या, ती लावलेलीच होती.
मी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली.
मग वीज गेली, आणि खोटं कशाला बोलू,
मला बरं वाटलं.

परत येऊन बैठकीत सांगितलं.
कुणी म्हणालं, तिसऱ्या पातळीला हे जड होईल.
कुणी म्हणालं, छप्पर नको, कुंपण चालेल.
मी मान डोलावली. घरी आले. दिवा लावला.

चारशे तेरावं वाक्य अजून कोरं आहे.
तिचं बटण मी करून ठेवलंय, राखाडी, लहानसं.
ते दाबल्यावर म्हातारा काय म्हणेल
हे लिहिण्याआधी त्याला विचारावं लागेल,
त्या वसंतात
त्याचं काय काय जळलं.