पन्नासचा काटा

सीताबर्डीच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
आमच्या दुकानातला कूलर
एप्रिलपासूनच वाळ्याचा वास सोडतो,
आणि मी त्याच्याकडे पाठ करून
उघड्या प्रोसेसरवर पेस्टचा थेंब ठेवते,
तांदळाच्या दाण्याएवढा.

भर मे महिन्यात हेडाऊकाका जिना चढून आले.
डोक्याला दुपट्टा, हातात विजेचं बिल,
बिलाच्या पाठीवर शेजारच्या पोरानं लिहिलेली यादी.
एकूण पंचावन्न हजार.
त्यातले अडतीस एकट्या ग्राफिक्स कार्डाला,
प्रोसेसर कुणीतरी काढून टाकलेला, चार कोरचा,
आणि उरलेल्यात
पंख्यांवर इंद्रधनुष्य.

नातवासाठी का, मी विचारलं.
"नाही वं. माह्यासाठी."
ट्रक चालवायचाय त्यांना. रात्रीचा. बर्फातल्या रस्त्यावर.
कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये
चौतीस वर्षं बसलेला माणूस.

मी नेहमीचं सांगायला लागले:
ट्रक कुठे पोचला, वळण केवढं, समोरून कोण येतंय
हे प्रोसेसर ठरवतो,
कार्ड मग ते रंगवतं.
सांगणारा हळू असेल तर
रंगवणारा ब्रश धरून नुसता बसतो,
अडतीस हजारांचा ब्रश.

काका यादीकडे बघत राहिले.
"म्हंजे भट्टी मोठी,
अन् कोळसा आणणारा पट्टा बारीक."

सहा वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच समजावतेय
आणि माझ्याकडे कधी पट्टा नव्हता.

"अन् पट्टा मोठा, भट्टी लहान, त?"
मग कोळसा साचतो, मी म्हटलं.
"साचला का पेटते."
हसले नाहीत.

मग बसलो दोघं खोडत.
अडतीसचं कार्ड बावीसवर आलं,
प्रोसेसर नवा, सहा कोरचा, अकरा हजार,
इंद्रधनुष्य गेलं.
पॉवर सप्लाय मी स्वस्तातला काढला होता.
त्यांनी तो तळहातावर तोलला,
बाजारात कोहळं तोलतात तसा, आणि परत दिला.
"इथं कंजूशी नोको, पोरी.
दुसरं काही जळलं त एकटं जळते.
हे जळलं त सारंच घेऊन जाते."
मी वरच्या फळीवरचा जड काढला.
दीड हजार वाढले. मी माझी मजुरी सोडली,
मालकाला अजून माहीत नाही.

साडेतीनला स्क्रीन उजळला.
बर्फ, दोन दिवे, लांबच लांब रस्ता.
काका रस्त्याकडे बघतच नव्हते.
कोपऱ्यातला आकडा बघत होते:
एकाहत्तर, चौसष्ट, अठ्ठ्याऐंशी, एकोणसाठ.
"हा एवढा काहून नाचते?"
फ्रेम आहेत काका, सेकंदाला. जास्त तेवढं चांगलं.
"कोन म्हनलं?"

मग सांगितलं, हळूहळू, जणू अजून ड्युटीवर आहेत:
समोर एक काटा असायचा. पन्नासवर.
खाली सरकला की घाम, वर सरकला तरी घाम.
तो जागेवर उभा असला
की कुणालाच कळायचं नाही आपण तिथे आहोत.
"याले बांधून दे. पन्नासवर."

स्क्रीन साठचा आहे, म्हटलं,
पन्नासवर जरासं अडखळेल, साठ ठेवू?
"पन्नास."

मी बांधला.
आकडा थांबला.
आत कार्डाचा पंखा खाली आला, प्रोसेसरचाही,
दोघांनाही उसंत होती.
बाहेर सेहेचाळीस अंश,
आत काचेवर बर्फ पडायला लागला.

गाडी सुरू करण्याआधी काकांनी
मला वेळ विचारली,
आणि बिलाच्या कोपऱ्यात, यादीच्या खाली,
नीट रेघ ओढून लिहिलं:
१५.४२. पन्नास. सर्व ठीक.