सेल्फ

चावी फिरवली. टक्.
पुन्हा फिरवली. टक्.
हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरीत जीव आहे.
लवूने डब्यातून स्क्रू ड्रायव्हर काढून
सोलेनॉइडचे दोन बोल्ट एकमेकांना जोडले.
निळी ठिणगी, जळका वास,
आणि परत तेच, टक्.
बंद दारावर कुणी एकदाच बोट वाजवून
निघून जावं तसं.

"सेल्फ गेलो," लवू म्हणाला.

आठवीत बाईंनी सांगितलं होतं, सेल्फ म्हणजे स्वतः.
सहा वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभा राहून
माझा वीस हॉर्सपॉवरचा लाल ट्रॅक्टर
स्वतः उठायचं विसरला.

आणि विसरला कुठे, तर निवतीच्या पुळणीवर,
भरतीच्या रेघेच्या आत,
मागे साखळीला बाबलची होडी.
पाणी चढायला लागलेलं.
फेस पुढच्या चाकापर्यंत यायचा,
वास घेऊन मागे जायचा.

वर सुरूंच्या सावलीत रापणवाले बसलेले.
सकाळपासून ओढून दोन टोपल्या पेडवे, बस.
मी हाक मारली नाही.
गेल्याच महिन्यात त्यांच्या होडीचे दीडशे रुपये
मी चारचौघांत मागितले होते.

तेच उठले.
शालन मावशी विडी विझवून कानावर ठेवत म्हणाली,
"दोर सुको हा. आणा."

"एक दोर नको," गजाभाव खवणेकर म्हणाले,
जन्मात ट्रॅक्टरवर न बसलेला म्हातारा.
"सुरू झालो तर थेट तुमच्या आंगार येतलो.
रापणीसारखे दोन बांधा. फाकून ओढा."

साखळी सोडली. होडी मागे राहिली.
पाण्याकाठच्या घट्ट वाळूवर तोंड वळवून
पुढच्या एक्सलला दोन गाठी,
अकरा माणसं डावीकडे, अकरा उजवीकडे.

पहिल्या खेपेला मी दुसरा गियर घातला.
क्लच सोडताच मागची चाकं जागीच अडली,
वाळूत दोन चर, इंजिन ढिम्म.
"वरचो घाल गो! वरचो!"

दुसऱ्या खेपेला खोकला एक,
काळ्या धुराची एक गुळणी.
मी घाबरून पाय दाबला. मेला.

तिसऱ्या खेपेला कुणी बोललं नाही.
बावीस पाठी माझ्याकडे,
बावीस माणसांना मागचं दिसत नाही,
आणि दोन्ही रांगांच्या मधे
माझा डावा पाय.
धावू देत, अजून, अजून थोडं,
सीटखाली वाळूची गती लागेपर्यंत,
गजाभावांचा हात वर गेला,
मी सोडला.

आधी चाकांनी इंजिन ओढलं.
मग इंजिनाने चाकं.
त्या दोहोंतली ती जागा मला तळपायात कळली,
तिला नाव नाही.
धडधड धडधड धडधड,
मी क्लच दाबला, ब्रेक दाबला,
दोर एकदम सैल झाले
आणि जोरात ओढणारी अकरा अधिक अकरा माणसं
तोंडावर वाळूत पडली.
शालन मावशीची विडी हरवली.
तिने मला आणि ट्रॅक्टरला मिळून एकच शिवी घातली.

बाबलची होडी वर आली. मग त्यांचीही.
पैशांचं कुणी काढलं नाही, मीही नाही.

दिवसभर मी तो बंद केला नाही.
जेवताना माडाखाली धडधडत होता,
डिझेल पीत, पंगतीत
आगंतुक बसलेल्या पाहुण्यासारखा.

संध्याकाळी देवळामागच्या उतारावर नेला,
तोंड खाली करून.
लवूने पुढच्या चाकाखाली जांभ्याचा चिरा लावला,
लाथ मारून पाहिला, हलला नाही.
मग मी बंद करायचा दांडा ओढला.

एकदम समुद्र ऐकू आला.

सकाळी चिरा काढायचा,
तेवढ्यापुरती उतरण ठेवली आहे.