डिकीतले बूट

सिनेटरसाहेबांच्या गाडीच्या डिकीत
बुटांचा एक जोड असतो, चिखल लागलेला.
तो पुसायचा नाही, हा माझ्या नोकरीतला पहिला नियम.
गुरांच्या लिलावाचं आवार अर्ध्या मैलावर आलं
की मी गाडी कडेला घेतो.
मागच्या सीटवर ते काळे बूट काढतात,
हे चढवतात.
चिखलाचे पोपडे निघायला लागले असतील
तर मी बाटलीतलं पाणी शिंपडतो.

शेत विकून सव्वीस वर्षं झाली.

मी ड्वेन क्वाले. पहिल्या निवडणुकीपासून ड्रायव्हर.
नॉर्थ डकोटाच्या त्रेपन्न काउंट्या,
कुठल्या चर्चच्या तळघरात कॉफी पातळ मिळते
आणि कुठल्या वळणावर हरणं आडवी येतात
हे मला पाठ.
इथे नोव्हेंबर नुसता नावाला.
जे काय व्हायचं ते जूनमध्ये,
आपल्याच पक्षात, आपल्याच माणसांत.
यंदा समोर चौतीस वर्षांचा पोरगा आहे.
कोरलेली दाढी, कोरा पिकअप.
सभेत म्हणतो, एल्डन रस्टाड आपले राहिले नाहीत,
वॉशिंग्टनचं पाणी लागलं त्यांना.

त्या पोराच्या बाप्तिस्म्याला साहेब गेले होते.
फोटो आहे. ऑफिसातल्या मुली म्हणाल्या, छापू.
साहेब बराच वेळ फोटो बघत बसले,
म्हणाले, केवढंसं होतं,
आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

दारातून आत शिरताना मी त्यांच्या कानाशी नावं सोडतो.
खिडकीपाशी ओर्लिन टॉफ्ट, गुडघा बदललाय.
काउंटरमागे लव्होन, नवरा मार्चमध्ये गेला.
पूर्वी हे उलट होतं.
पूर्वी ते मला सांगायचे,
माणसांची, कुत्र्यांची,
एकदा तर एका गाईचंही नाव.

त्या दिवशी लिलावाच्या कँटीनमध्ये गलका होता,
बोली चालली होती, माइक खरखरत होता,
कदाचित माझं बोलणं पोचलं नसेल.
(असं मी स्वतःला सांगतो.)
साहेबांनी लव्होनचा हात दोन्ही हातांत धरला
आणि त्यांच्या त्या जुन्या, मोठ्या आवाजात विचारलं,
मायलो कुठाय? त्याला म्हणावं,
फेझंटच्या शिकारीतली काडतुसं बाकी आहेत माझी.

कँटीनमधले काटे-चमचे थांबले.
पोराच्या माणसानं फोन वर केलेला मी पाहिला.
लव्होननं माझ्याकडे पाहिलं,
मग त्या फोनकडे,
मग पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसत म्हणाली,
शेतावर गेलाय. सांगते.
पाय खाणार ना, एल्डन? र्‍हुबार्बचा आहे.

तिनं मत कुणाला दिलं मला माहीत नाही.
तिच्या अंगणात बोर्ड पोराचा होता,
मी येतानाच पाहिला होता.

परतीच्या रस्त्यावर नऊ-दहा मैल कुणी बोललं नाही.
दोन्हीकडे नुकतीच पेरलेली रानं, मध्ये सरळसोट काळा रस्ता.
मग मागून आवाज आला,
ड्वेन, मायलो गेला ना?
हो, साहेब.
फुलं पाठवली होती आपण?
पाठवली होती.
कार्डावर सही माझी होती की तुझी?

मी आरशात पाहिलं नाही.

रात्री मोटेलच्या भिंतीपलीकडे
नळ बराच वेळ वाहत होता.
सकाळी त्यांच्या दाराबाहेर बूट पालथे घातलेले,
धुतलेले, टाचांपर्यंत स्वच्छ.
आतलं कातडं मूळचं तांबूस आहे
हे मला छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

पुढचा लिलाव एकशेदहा मैलांवर.
आवार अर्ध्या मैलावर आलं तशी मी सवयीनं गाडी कडेला घेतली,
डिकी उघडली,
आणि पाण्याची बाटली हातात धरून उभा राहिलो.
त्यांनी काच खाली केली नाही.

मग ते पाणी मीच पिऊन टाकलं.