सीझनच्या आदल्या रात्री

दुसऱ्या दिवशी तुळशीचं लग्न,
आणि त्यानंतर शिरपूर ते सेंधवा
एकही रात्र आमची नव्हती.
पितळी बटणांचे लाल कोट
दगाच्या बायकोने उन्हात टाकलेले,
डांबरगोळ्यांचा वास अख्ख्या गल्लीला.

म्हणून आम्ही अरुणावतीच्या अल्याड,
उखा बोरसेच्या खळ्यात.
गेल्या सालच्या पऱ्हाट्या पेटवलेल्या,
त्यांत हिरवी वांगी फुटत होती,
नवशिक्याने ट्रंपेट फुंकावं तशी.

हिलालने केळीची वाइन आणलेली.
छत्तीस वर्षं कॉलेजात दुसऱ्यांचे ब्युरेट धुतले,
आता रिटायर. आता घरात कॅन, नळी, थर्मामीटर
आणि बायकोचा अबोला.
बाटलीवर चिकटपट्टी: तारीख, तापमान,
खाली लाल शाईत, 'तिसरा प्रयत्न'.
बूच निघेना. भटूने
ड्रम ताणायच्या चावीने ते आत ढकललं.
चव म्हणशील तर
पिकल्या घडाखाली दुपारी झोपल्यासारखी,
आणि मागाहून घशात एक माशी.
"चौथा कर," रशीद म्हणाला,
नुसत्या वासावर.

रशीद पिंजारी पीत नाही.
त्याचा थर्मास वेगळा, चहा वेगळा,
तरी जाळासमोर सगळ्यांआधी
त्याचेच कान लाल.

जामसिंग पावरा उशिरा आला,
बोराडीहून, हेडलाइट नसलेल्या गाडीवर.
पाठीला बांबूचा पावा, हँडलला कॅन:
मोहाची, पहिल्या धारेची.
पळसाचे द्रोण त्यानेच लावले.
पहिली धार जमिनीवर सोडली.
"आधी ते पितील," एवढंच बोलला.
कोण ते, कुणी विचारलं नाही.
मी मनात माझ्या बापाला एक द्रोण दिला,
ज्याचे दोंडाईच्याच्या एका वरातीचे
पैसे अजून यायचे आहेत.

मग रशीदने क्लॅरिनेट जोडलं,
रीड जिभेवर भिजवली,
आणि थांबला.

"काय वाजाडू रे?"

कुणी बोलेना.
तीस वर्षं हे कोणीतरी ओरडून सांगतं:
नवरदेवाचा मामा, दातात रुमाल,
नाग वाजव मास्टर, नाग,
आणि नोट आमच्या नाकापुढून
तीन वेळा फिरवून मग खिशात घालतो.
इथे घोडं नव्हतं, जनरेटर नव्हता,
मामा तर नव्हताच.

"तुले जे आवडस ते वाजाड ना," उखा म्हणाला.
रशीद थर्मासचं झाकण लावत राहिला,
उघडत राहिला.
"माले कोनी कधी इचारंच नही."

तेव्हा जामसिंगने पावा ओठाला लावला.
एकच ओळ. डोंगरातल्या गुरांना
वळवायची असावी, किंवा कुणालाच नाही.
तीच ओळ पुन्हा. घाई नाही.
तिच्यातला एक सूर क्लॅरिनेटवर नव्हताच,
दोन चाव्यांच्या मध्ये कुठेतरी
दारातल्या पाहुण्यासारखा उभा.

रशीद त्याला शोधू लागला.
वरून आला, हुकला.
खालून आला, शेजारच्याच्या घरात शिरला.
भटूने वांगी ठेचता ठेचता
बडगीतच ठेका धरला,
मिरची, लसूण, मिरची, लसूण,
दगा झांज आणायची विसरला म्हणून
परातीवर भाकरी वाजवू लागला
(कळण्याची भाकर, दोन दिवसांची, वाजते).
हिलाल उठून नाचला. रसायनशास्त्र नाचलं.

सूर सापडला की नाही, मला विचारू नका,
मी चौथ्या द्रोणात होतो.
एवढं आठवतं, की एका क्षणी
दोन वाद्यांतून एकच श्वास येत होता
आणि उखाचा कुत्रा भुंकायचा थांबला.

पाचव्या दिवशी, सांगवीच्या वरातीत,
ऐन नागात, फणा वर आलेला असताना,
रशीदचं बोट छिद्रावरून अर्धंच सरकलं.
आम्ही चौघांनी माना वळवल्या.
मामा ओरडला, "मास्टर, सूर चुकला!"
आणि नोट परत खिशात घातली.