समुद्रसपाटीपासून

विमानतळाचं पत्र आलं तेव्हा नगरपंचायतीत
मी होतो आणि आवक नोंदवही.
क्रमांक दोनशे चौदा. विषय : धावपट्टी वाढत असल्याने
आपल्या हद्दीतील उंच वस्तूंबाबत.
सोबत तक्ता. वस्तू, मालक, कायम की तात्पुरती,
आणि उंची, समुद्रसपाटीपासून.

सोलापूरहून समुद्र म्हणजे
रेल्वेतली एक अख्खी रात्र.
तरी आमचं सगळं त्याच्यापासून मोजायचं.
मी शिपाई इराप्पाला पायरीवर उभं केलं,
म्हटलं, तू आत्ता चारशे ऐंशी मीटर.
त्यानं खाली आपल्या चपलांकडे बघितलं.
"मग पगार का ओ एवढासाच?"

टेप घेऊन निघालो. मार्चचं ऊन,
डांबर टाचेला चिकटत होतं.
मिनारावर चांदपाशा मुजावर स्वतःच चढले,
वरून आकडा ओरडून सांगितला, आणि थोडा वेळ
तिथंच थांबले, गार वारा होता म्हणून.
बसम्मा कोळींच्या माडाला टेप पुरेना.
"वर्षाला हातभर वाढतंय की ते,
कितव्यांदा येणार तुम्ही?"
साखर गोदामाचा भोंगा, मोबाइलचा टॉवर,
पाण्याची टाकी : पाचशे मीटर भरली.
एवढ्या उंचीवर पाणी आहे आमच्याकडे, कागदावर.

मग यात्रेची काठी.
ती वर्षातून एक दिवस उभी राहते
आणि उभी राहून चालते.
चालणाऱ्या वस्तूला रकाना नव्हता.
मी "तात्पुरती" लिहिलं.
इराप्पाच्या घरात चार पिढ्या ती खांद्यावर आहे.
तो काही बोलला नाही.
खोडून "कायम" लिहिलं, मग त्यावरही रेघ मारली.
खाडाखोडीवर सही लागते. केली.

सभा गुरुवारी. गणपूर्ती चहामुळे झाली.
रेवणसिद्ध तोरणगींना विमानतळाला आपल्या गावाचं नाव हवं होतं,
निदान कमानीवर.
रज्जाकभाई बागवानांनी विचारलं, कुंपण पुढं सरकल्यावर
कब्रस्तानाची वाट कुठून?
मयत काय वळसा घालून न्यायचं?
चिंता नरसय्या म्हणाले, आवाजाचं मला सांगू नका,
माझे बारा माग तीस वर्षं वाजतायत,
बायको अजून खुणेनंच बोलते.
सगळे हसले. नरसय्या हसले नाहीत.

अंबव्वा मादगुंडी मागच्या खुर्चीत,
मांडीवर सूप, सभेतही बोटं विड्या वळत.
शैलजाताई विभूते "मंजूर?" म्हणाल्या तेव्हा
त्यांनी दोरा दातानं तोडला :
"विमानातून उतरल्यावर ती लोकं पाणी कुठलं पिणार?"
आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं. पाऊण तास.
पंखा फिरत होता.
शैलजाताई म्हणाल्या, हा प्रश्न इतिवृत्तात घ्या.
मी घेतला.

ठराव क्रमांक एकोणीस.
हरकत नाही, असं लिहायचं होतं,
हरकती मात्र चार पानं झाल्या.
पत्राला जोडून पाठवल्या, पोच घेतली.
उत्तरात एकच मुद्दा होता :
टाकीला लाल-पांढरे पट्टे मारावेत, माथ्यावर दिवा लावावा.

मारले. दिवा लागला.
गल्लीतली वीज जाते तेव्हा तो जात नाही,
त्याला वेगळी तार आहे.
पोरं त्याच्या उजेडात काही वाचू शकत नाहीत, फार वर आहे,
पण तो बघून आता गावाकडं वळणं सोपं पडतं,
असं रात्रपाळीचे टेम्पोवाले सांगतात.
पाणी पाचव्या दिवशीच.
अंबव्वांच्या प्रश्नासाठी मी
तिसरं स्मरणपत्र काढलंय, जावक चारशे सात.

इराप्पा कुलूप लावून गेला.
एक विमान उतरलं, आमच्या टाकीला नीट चुकवून.
मी पायरीवर बसलो.
बसल्यावर चारशे एकोणऐंशी.