ओली पाती

व्हिनेगर आण, रिन्से. सॅलडवरचं नको,
पांढरं, स्वस्तातलं, काचा पुसायचं.
आणि दोन बटाटे, ओट्याखालच्या पोत्यातले.
कोंब आलेले चालतील, आपल्याला कुठे खायचेत.

रेडिओवाला म्हणतो, रात्री उणे नऊ.
गोठ्यामागच्या चरावर दोन बोटं बर्फ धरलाय,
बदकं पुलाखाली गोळा झालीत,
आणि सकाळपासून अख्खं गाव
माळ्यावर चढून खोकी उलथतंय.

हे बघ माझे स्केट्स.
लाकडी बूड, चामड्याचे पट्टे, आणि पाती...
पाती म्हणावं का यांना?
बोट फिरवलं तर बोटच तपकिरी.

भांड्यात बुडवायची नाहीत, लाकूड फुगतं.
माझ्या नवऱ्याच्या बनियनच्या चिंध्या आहेत तिथे,
त्या व्हिनेगरात भिजव, पात्यांभोवती गुंडाळ,
ताप चढलेल्याच्या कपाळावर घडी ठेवतात तशा.
सुकल्या की पुन्हा ओल्या.
तोवर चहा.

हं, आता बटाटा उभा काप.
कापल्या बाजूला साबणाचे थेंब, वर जाडं मीठ,
आणि घास. काळं पाणी सुटेल, सुटू दे.
बोथट झाला की चकती उडव, पुन्हा घास.
फ्रिसलंडचा बटाटा आहे, दमत नाही.
कोपऱ्यांत फॉइलचा बोळा. चॉकलेटचा कागदसुद्धा चालतो,
तो लोखंडाहून मऊ, ओरखडा उठत नाही.

आमच्या वडिलांचा एकच नियम होता.
जेवणाआधीची प्रार्थना चुकली तर देव बघून घेईल,
पण बर्फावरून आल्यावर
कोट काढायच्या आधी पाती पुसायची.
सात भावंडं आम्ही, दारातल्या बाकावर ओळीनं,
नाकं गळतायत, बोटं बधिर, हातात फडकी.
पन्नास-साठ वर्षं मी पुसली.

एकदा नाही.

बारा वर्षं झाली. तोच शेवटचा बर्फ.
तळ्यापलीकडच्या चर्चपर्यंत एकटी जाऊन आले होते,
उलट्या वाऱ्यात, डोळ्यांतून पाणी, नुसती खुशीत,
दार उघडते तर फोन वाजत होता.
हातातले स्केट्स पिशवीत कोंबले,
ओले, तसेच.

ती पिशवी माळ्यावर कुणी टाकली, माहीत नाही.
अंत्यविधीला आलेल्यांपैकी असेल कुणी, घर आवरताना.

म्हणजे बघ,
हा गंज बाहेरून नाही आला.
त्याच दुपारचं पाणी आहे हे.

थांब, आधी सोडा दे. खायचा, केकच्या डब्यामागचा.
आंबट तसंच राहिलं तर उरलेलं लोखंडही खातं.
कसा फसफसतोय!
आता पूस. कोरडं, अगदी खडखडीत.
मग ते गाईच्या सडांना लावायचं मलम,
पातळ, पोळीला लोणी लावतोस तसं नको.
बोट फिरव. खड्डे लागतात ना?
ते राहणार. धार नीट असली की बर्फ विचारत नाही.

फोन डर्कच्या बोटीवरून होता.
आवाज डर्कचा नव्हता.

उद्या चार बोटं धरेल, नाहीतर दुपारी वितळेल,
रेडिओवाल्याचं काय खरं.
पण गेलो, तर ऐक,
परत येऊ तेव्हा दमलेले असू,
दारातच फोन वाजेल.
वाजू दे.
आधी पाती.